कार्यालयातील प्रत्येक यंत्रावर एकच वेळ: संगणकाचे घड्याळ नेटवर्कवरून अचूक ठेवण्याची पद्धत

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल विणणारा एखादा मध्यम आकाराचा कारखाना घेऊ. फाटकाशी बोटाचा ठसा घेणारे हजेरीयंत्र असते, कचेरीत बिले आणि ई-वे बिल करणारे दोन-तीन संगणक असतात, मागांच्या शेडमध्ये व गोदामात कॅमेरे असतात आणि त्यांचे चित्रण साठवणारी डीव्हीआरची पेटी मालकाच्या केबिनमध्ये कपाटावर ठेवलेली असते. या प्रत्येक यंत्राला स्वतःचे घड्याळ आहे आणि कोणी लक्ष दिले नाही, तर वर्षभरात त्यांतील कोणतीही दोन घड्याळे एकमेकांशी जुळत नाहीत. मालाची गाडी किती वाजता बाहेर पडली, याचे उत्तर मग चलन एक देते, कॅमेरा दुसरे देतो आणि फाटकावरची वही तिसरेच सांगते.

वेळ चुकल्याचे परिणाम एवढ्यावर थांबत नाहीत. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला प्रारंभाची आणि समाप्तीची तारीख असते, म्हणून संगणकाची तारीख त्या मुदतीच्या बाहेर गेली की बँकेचे किंवा जीएसटीचे पान उघडतच नाही, आणि ब्राउझर दोष संकेतस्थळाचा असल्यासारखा इशारा देतो. मोबाइलमधील ऑथेंटिकेटर ॲप दर ३० सेकंदांनी नवा आकडा तयार करते आणि तो वेळेवरूनच काढलेला असतो, त्यामुळे फोनचे घड्याळ मिनिटभर जरी सरकले तरी बरोबर आकडा चुकीचा ठरू शकतो. (एसएमएसने येणाऱ्या ओटीपीचे तसे नाही, कारण तो सर्व्हरच तयार करतो.) मोठ्या कार्यालयात डोमेनची, म्हणजे सर्व संगणकांचे लॉगिन एका मध्यवर्ती सर्व्हरवरून चालवण्याची, व्यवस्था असेल, तर लॉगिनसाठी वापरली जाणारी कर्बेरॉस पद्धत सर्वसाधारणपणे ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते. मुंबईच्या गाडीचे तात्काळ तिकीट काढणाऱ्यांना तर सांगायलाच नको: वातानुकूलित वर्गाची खिडकी १० वाजता आणि शयनयानाची ११ वाजता उघडते ती रेल्वेच्या सर्व्हरच्या घड्याळाने, आपल्या टेबलावरच्या संगणकाच्या नव्हे.

या सगळ्यांवर उपाय म्हणून दर महिन्याला भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून प्रत्येक यंत्र हाताने जुळवण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. ती सोडून द्यावी. एका यंत्राने बाहेरच्या विश्वासू सर्व्हरकडून वेळ घ्यावी, बाकीच्यांनी त्या यंत्राकडून घ्यावी, आणि 'वेळ आपोआप जुळते' हे बटण चालू दिसते म्हणून समाधान न मानता प्रत्यक्ष फरक किती आहे तो आकडा वाचावा, अशी माझी शिफारस आहे.

घड्याळ का भरकटते

संगणकात प्रत्यक्षात दोन घड्याळे असतात. एक मदरबोर्डवरचे, जे संगणक बंद असतानाही नाण्याच्या आकाराच्या सेलवर चालू राहते. हा सेल बहुधा सीआर२०३२ जातीचा, ३ व्होल्टचा असतो आणि आपल्याकडे त्याला 'सीमॉस बॅटरी' म्हणतात. दुसरे ऑपरेटिंग सिस्टीमचे, जे संगणक सुरू होताना पहिल्या घड्याळावरून वेळ उचलते आणि त्यानंतर स्वतंत्रपणे मोजत राहते. नेटवर्कवरून दुरुस्त होते ते दुसरे. पहिले त्याच्यामागून दुरुस्त केले जाते, आणि काही वेळा राहूनही जाते.

मदरबोर्डवरच्या घड्याळात क्वार्ट्झचा बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा २ चा पंधरावा घात आहे, म्हणून त्याला पंधरा वेळा अर्धे करत गेले की बरोबर एका सेकंदाचा ठोका मिळतो. स्वस्त स्फटिकात दशलक्षात २० भागांची चूक सामान्य मानली जाते. ऐकायला ती किरकोळ वाटते, पण दिवसात ८६,४०० सेकंद असल्यामुळे ती रोज सुमारे १.७ सेकंद आणि महिन्याला जवळजवळ ५० सेकंद होते. त्यात तापमानाची भर पडते. हे स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला जुळवलेले असतात आणि तापमान त्याच्या वर गेले काय किंवा खाली आले काय, ते मंदच चालतात. ही मंदी फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत पेटीच्या आतील तापमान ४५ अंशांवर स्थिरावले, तर केवळ उष्म्यामुळे घड्याळ दिवसाला एका सेकंदाहून थोडे अधिक मागे पडते. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे, त्यांना ४५ हा आकडा फुगवलेला वाटणार नाही.

सेल संपत आला की लक्षण वेगळे असते. अशा वेळी काही सेकंदांचा फरक पडत नाही. वीज जाऊन आली की तारीख थेट काही वर्षे मागे, मदरबोर्ड तयार झाला त्या सुमारास जाऊन बसते. तसे दिसले तर पुढचे काहीही करण्याआधी सेल बदलावा. तो कोणत्याही संगणक-दुरुस्तीच्या दुकानात मिळतो आणि त्याची किंमत एवढी कमी असते की जुना सेल व्होल्टमीटरने तपासत बसण्यात अर्थ नाही.

नेटवर्कवरून वेळ कशी विचारली जाते

या कामासाठी सर्वत्र वापरला जाणारा नियमसंच म्हणजे एनटीपी, अर्थात नेटवर्क टाइम प्रोटोकॉल. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी तो घडवला. त्याचा पहिला अधिकृत मसुदा १९८५ सालचा आहे आणि आज वापरात असलेल्या चौथ्या आवृत्तीचा २०१० सालचा. देवाणघेवाण यूडीपी या संदेश पाठवण्याच्या पद्धतीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे दारावरून, होते. हा क्रमांक लक्षात ठेवावा, कारण वेळ जुळत नसेल तर निम्म्या वेळा हेच पोर्ट कुठेतरी अडवलेले आढळते.

सर्व्हरने 'आत्ता इतके वाजले' असे सांगितले, तरी ते उत्तर आपल्यापर्यंत येईस्तोवर शिळे झालेले असते. म्हणून एनटीपी चार क्षणांची वेळ टिपते: आपण प्रश्न पाठवला ती, सर्व्हरला तो मिळाला ती, सर्व्हरने उत्तर पाठवले ती आणि आपल्याला ते मिळाले ती. समजा, आपल्या घड्याळाप्रमाणे प्रश्न १० वाजून ०.००० सेकंदांनी निघाला, सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे तो १० वाजून २.०३० सेकंदांनी पोहोचला, उत्तर २.०३१ सेकंदांनी निघाले आणि आपल्या घड्याळाप्रमाणे ०.०६१ सेकंदांनी हाती आले. जाण्यायेण्याचा एकूण वेळ ०.०६१ वजा ०.००१ म्हणजे ६० मिलिसेकंद झाला. जाताना दिसलेला फरक २.०३० आणि येताना दिसलेला फरक १.९७० असल्याने त्यांची सरासरी बरोबर २ सेकंद येते, म्हणजे आपले घड्याळ २ सेकंद मागे आहे. या हिशेबात जाण्याचा आणि येण्याचा वेळ समान धरलेला आहे. जाताना ५० आणि येताना १० मिलिसेकंद लागले असतील, तर उत्तर २० मिलिसेकंदांनी चुकेल आणि ही चूक आपल्या संगणकाला स्वतःहून ओळखता येणार नाही. म्हणून शक्य तितका जवळचा, देशातलाच सर्व्हर निवडणे श्रेयस्कर असते. कार्यालयीन कामासाठी इंटरनेटवरून मिळणारी काही मिलिसेकंदांपासून काही दशक मिलिसेकंदांपर्यंतची अचूकता पुरेशी होते.

अणुघड्याळासारख्या मूळ साधनाला शून्य पातळी, त्याला थेट जोडलेल्या सर्व्हरला पहिली, त्याच्याकडून वेळ घेणाऱ्याला दुसरी, अशी उतरंड एनटीपीत असते. तिला 'स्ट्रॅटम' म्हणतात. १५ पर्यंतच्या पातळ्या वैध आहेत आणि १६ दिसले तर घड्याळ कोणाशीच जुळलेले नाही असे समजावे. पातळीचा आकडा लहान म्हणजे वेळ अधिक अचूक, असा निष्कर्ष मात्र काढू नये. हजारो किलोमीटर दूरच्या पहिल्या पातळीपेक्षा जवळची तिसरी पातळी अनेकदा अधिक उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट येथेच सांगतो, कारण पुढे ती वारंवार लागेल. फरक थोडा असेल तर चांगली प्रणाली घड्याळाला झटका देत नाही. ती त्याचा वेग किंचित कमी-जास्त करून फरक हळूहळू भरून काढते. पारंपरिक एनटीपी प्रोग्राम सेकंदाला जास्तीत जास्त अर्ध्या मिलिसेकंदाने वेग बदलतो. या गतीने एका सेकंदाचा फरक भरून यायला सुमारे ३३ मिनिटे लागतात. ही दिरंगाई हेतुपुरस्सर आहे. घड्याळ एकदम मागे नेले तर एकच क्षण दोनदा येतो, मग नंतर केलेली नोंद आधीच्या नोंदीच्या मागे जाऊन बसते आणि चालू असलेला हिशेबाचा किंवा डेटाबेसचा प्रोग्राम गोंधळतो. दुपारी बिलिंग चालू असताना हाताने काटे मागे फिरवणे वाईट, ते याच कारणाने.

आधी टाइम झोन

एनटीपीवरून मिळते ती केवळ जागतिक समन्वित वेळ, म्हणजे यूटीसी. तिच्यात साडेपाच तास मिळवून भारतीय प्रमाणवेळ दाखवणे हे आपल्या संगणकाचे काम आहे, आणि ते टाइम झोनच्या सेटिंगवर अवलंबून असते. नव्याने विंडोज टाकलेल्या संगणकावर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा झोन तसाच राहिलेला असतो; कोणीतरी काटे हाताने फिरवून वेळ बरोबर 'दिसेल' असे करतो, आणि पुढे आपोआप जुळणी चालू केली की घड्याळ बारा-तेरा तासांनी उडते. मग दोष जुळणीला दिला जातो आणि ती बंद केली जाते. प्रत्यक्षात जुळणीने योग्य तेच केलेले असते. म्हणून विंडोजमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असे लिहिलेला साडेपाच तासांचा झोन, आणि लिनक्समध्ये एशिया/कोलकाता हा झोन सर्वांत आधी निवडावा. भारतात उन्हाळी वेळ पाळली जात नाही, त्यामुळे त्या संबंधीचे बटण विचारात घेण्याचे कारण नाही.

ही प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावरची आहे आणि सोलापूर तिच्या सुमारे साडेसहा अंश पश्चिमेला आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य सरासरीने १२ वाजून २६ मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो. पंचांगातील स्थानिक वेळा आणि संगणकाचे घड्याळ यांत दिसणारी तफावत यातूनही येते. तिला बिघाड समजू नये.

वेळ कोणाकडून घ्यावी

भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. सेकंदाची आजची व्याख्या सिझियम अणूच्या ९,१९२,६३१,७७० आवर्तनांवर आधारलेली आहे आणि प्रयोगशाळा आपली वेळ अणुघड्याळांच्या साहाय्याने सांभाळते. तिचा सार्वजनिक सर्व्हर 'टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी' हा आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे 'समय१ डॉट एनआयसी डॉट इन' आणि 'समय२ डॉट एनआयसी डॉट इन' असे दोन सर्व्हर आहेत. सर्ट-इन या सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपली घड्याळे या दोन संस्थांच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी सांगड असलेल्या सर्व्हरशी जुळवणे अपेक्षित आहे. आपला व्यवसाय कंपनी म्हणून नोंदलेला असेल, तर निवडीचा प्रश्न इथेच जवळपास सुटतो.

जोडीला स्वयंसेवकांच्या सर्व्हरांचा 'पूल' आहे. त्यातील भारतीय गटाचे नाव '०.इन.पूल.एनटीपी.ओआरजी' असे लिहितात आणि शून्याच्या जागी १, २, ३ घालून आणखी नावे मिळतात. एकच सर्व्हर दिला तर तो चुकला हे कळायला मार्ग नसतो. दोन दिले आणि त्यांचे पटले नाही, तर खरे कोणाचे हे ठरत नाही. तीनमध्ये बहुमत मिळते, आणि चार असले तर एखादा बंद पडूनही बहुमत टिकते. म्हणून चार द्यावेत. गूगलचा सार्वजनिक वेळ-सर्व्हर मात्र या यादीत मिसळू नये. पृथ्वीच्या परिवलनाशी मेळ घालण्यासाठी यूटीसीत अधूनमधून घातला जाणारा लीप सेकंद तो एकदम न देता अनेक तासांत पसरवून देतो, त्यामुळे त्या काळात त्याचे इतरांशी पटत नाही. १९७२ पासून असे २७ सेकंद घातले गेले, शेवटचा २०१६ च्या अखेरीस. ही पद्धत २०३५ पर्यंत थांबवण्याचे आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेले आहे, पण तोवर नियम पाळलेला बरा.

विंडोजवर

पुढे येणाऱ्या आज्ञा आणि सर्व्हरची नावे संगणकावर रोमन लिपीतच टंकायची आहेत. येथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. आधी सेटिंग्जमधील 'टाइम अँड लँग्वेज' आणि त्यातील 'डेट अँड टाइम' उघडावे, वेळ आपोआप ठरवण्याचे बटण चालू करावे आणि 'सिंक नाऊ' दाबावे. घरच्या संगणकासाठी एवढे बहुधा पुरते. कार्यालयात पुरत नाही, याची दोन कारणे आहेत. डोमेनमध्ये नसलेल्या विंडोजची पारंपरिक मांडणी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला ६,०४,८०० सेकंदांनी, म्हणजे आठवड्यातून एकदाच विचारण्याची आहे, आणि दरम्यान संगणक बंद असला तर तेवढेही होत नाही. दुसरे कारण अधिक त्रासदायक आहे. अशा संगणकावर फरक १५ तासांहून अधिक असेल, तर विंडोजची वेळ-सेवा तो दुरुस्त करायला सर्वसाधारणपणे नकार देते, कारण एवढा मोठा फरक तिला संशयास्पद वाटतो. सेल संपल्यामुळे तारीख २०१९ मध्ये गेलेला संगणक कितीही वेळा 'सिंक नाऊ' दाबूनही सुधारत नाही, तो यामुळे. तिथे आधी तारीख आणि वेळ हाताने जवळपास बरोबर करावी, मग जुळणी करावी. हाताने काटे फिरवणे योग्य ठरते असा हा जवळजवळ एकमेव प्रसंग आहे.

सर्व्हर बदलण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावे आणि 'नेट स्टार्ट डब्ल्यू३२टाइम' ही आज्ञा देऊन सेवा चालू करावी. आधीपासून चालू असेल तर तसे उत्तर येते, त्याने काही बिघडत नाही. त्यानंतर 'डब्ल्यू३२टीएम /कॉन्फिग /मॅन्युअलपीअरलिस्ट:' लिहून, कोलननंतर दुहेरी अवतरणचिन्हांत सर्व्हरची नावे एकेक जागा सोडून द्यावीत. प्रत्येक नावापुढे स्वल्पविराम देऊन '०एक्स८' जोडावे, त्यामुळे संगणक सर्व्हरशी साध्या ग्राहकाच्या नात्याने बोलतो. अवतरणचिन्हे बंद केल्यावर '/सिंकफ्रॉमफ्लॅग्ज:मॅन्युअल /अपडेट' लिहून एंटर दाबावे. मग 'डब्ल्यू३२टीएम /रीसिंक' ही आज्ञा लगेच जुळणी करते. सर्व्हिसेसच्या यादीत 'विंडोज टाइम' ही सेवा संगणकाबरोबर आपोआप सुरू होईल अशी ठेवायला विसरू नये.

आता तपासणी. 'डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /स्टेटस' ही आज्ञा वेळ कोणाकडून घेतली, शेवटची यशस्वी जुळणी केव्हा झाली आणि स्ट्रॅटम कितवा ते दाखवते. स्रोताच्या ओळीत सर्व्हरच्या नावाऐवजी 'लोकल सीमॉस क्लॉक' असे दिसले, तर संगणक स्वतःलाच विचारून स्वतःलाच उत्तर देत आहे असे समजावे. प्रत्यक्ष फरक पाहायचा तर 'डब्ल्यू३२टीएम /स्ट्रिपचार्ट /कम्प्युटर:' यापुढे सर्व्हरचे नाव, आणि नंतर '/सॅम्पल्स:५ /डेटाओन्ली' असे लिहावे. पाच ओळींत पाच फरक सेकंदांत येतात. माझ्या मते याच एका आज्ञेचा परिणाम पाहिल्याशिवाय कोणत्याही संगणकाचे काम संपले असे मानू नये. फरकाऐवजी चूक दाखवली गेली तर यूडीपी १२३ अडलेले असण्याची शक्यता सर्वाधिक. अँटिव्हायरसचा फायरवॉल, राउटर आणि इंटरनेट पुरवठादार या क्रमाने शोध घ्यावा.

संगणक डोमेनमध्ये असेल तर यांतले काहीही करू नये. तो वेळ डोमेन कंट्रोलरकडून घेतो आणि दुरुस्ती तिथेच व्हायला हवी. मॅकवर सिस्टीम सेटिंग्जच्या 'जनरल' भागातील 'डेट अँड टाइम' मध्ये सर्व्हरचे नाव बदलता येते, बाकी काही करावे लागत नाही.

लिनक्सवर

'टाइमडेटसीटीएल' ही एकच आज्ञा दिली की झोन, दोन्ही घड्याळांच्या वेळा आणि जुळणी झाली आहे की नाही हे एकत्र दिसते. तिच्यात दोन ओळी वेगवेगळ्या आहेत, हे ध्यानात घ्यावे: वेळ-सेवा चालू आहे हे सांगणारी एक, आणि घड्याळ प्रत्यक्ष जुळले आहे हे सांगणारी दुसरी. सेवा चालू असूनही घड्याळ न जुळलेले असू शकते.

पुष्कळ लिनक्स वितरणांत 'सिस्टमडी-टाइमसिंकडी' हा हलका प्रोग्राम आधीपासून असतो. तो एका वेळी एकाच सर्व्हरचे ऐकतो आणि दुसऱ्यांना वेळ देत नाही. कार्यालयासाठी त्याऐवजी 'क्रोनी' बसवावा, अशी माझी ठाम शिफारस आहे. वीज जाते, इंटरनेट तुटते, रात्री यंत्र बंद होते, अशा परिस्थितीत क्रोनी लवकर सावरतो. शिवाय आपल्या स्फटिकाची चाल किती मंद वा जलद आहे हे तो मोजून फाइलीत जपून ठेवतो, त्यामुळे इंटरनेट नसतानाही घड्याळ बरेच सरळ चालते. त्याच्या 'क्रोनी डॉट कॉन्फ' या फाइलीत 'सर्व्हर' हा शब्द, सर्व्हरचे नाव आणि 'आयबर्स्ट' अशी एकेक ओळ प्रत्येक सर्व्हरसाठी लिहावी. 'आयबर्स्ट' मुळे पहिली जुळणी काही सेकंदांतच होते. 'मेकस्टेप १ ३' या ओळीचा अर्थ असा की सुरुवातीच्या तीन मोजमापांत एका सेकंदाहून अधिक फरक आढळला तरच घड्याळ एकदम हलवावे, नंतर मात्र हळूहळू. 'आरटीसीसिंक' ही ओळ मदरबोर्डवरचे घड्याळही दुरुस्त करत राहते. सेवा पुन्हा सुरू करून 'क्रोनीसी ट्रॅकिंग' ही आज्ञा दिली की घड्याळ किती सेकंद मंद वा जलद आहे ते सरळ शब्दांत मिळते. 'क्रोनीसी सोर्सेस' मध्ये ज्या सर्व्हरपुढे तारांकन असेल तो निवडलेला, फुलीचे अक्षर असेल तो खोटा ठरवलेला आणि प्रश्नचिन्ह असेल तो वापरता येत नसलेला. 'रीच' या रकान्यात ३७७ दिसले तर शेवटच्या आठही प्रश्नांना उत्तर मिळाले असे समजावे. हा आकडा अष्टमान पद्धतीतला असल्याने असा विचित्र दिसतो.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर दर वेळी बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ आहे असे धरते आणि लिनक्स यूटीसी आहे असे धरते, एवढेच त्यामागचे कारण. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही आज्ञा दिली की ते भांडण मिटते.

कचेरीसाठी एक वेळ-सर्व्हर

बाहेरून वेळ घेणारे यंत्र कायम चालू राहणारे आणि यूपीएसवर असलेले हवे. जुना संगणक लिनक्स टाकून या कामाला लावता येतो. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकही चालतो, पण त्याच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या बोर्डांवर सेलवर चालणारे घड्याळ नसते, त्यामुळे वीज येऊन इंटरनेट यायला उशीर झाला तर तेवढा वेळ तो चुकीचीच तारीख धरून बसतो. त्याला तापमानाची भरपाई करणारे 'डीएस३२३१' हे छोटे घड्याळ जोडावे. क्रोनीच्या फाइलीत 'अलाव १९२.१६८.१.०/२४' अशी आपल्या नेटवर्कच्या पत्त्याची ओळ घातली की कचेरीतील इतर यंत्रांना तो वेळ देऊ लागतो. 'लोकल स्ट्रॅटम १०' ही ओळ घातली तर इंटरनेट तुटल्यावरही तो उत्तरे देत राहतो, म्हणजे वेळ किंचित सरकली तरी सर्व यंत्रांवर एकसारखीच सरकते. कारखान्यात नेमके तेच हवे असते. राउटरवरून हे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडू नये, कारण उघड्या एनटीपी सर्व्हरांचा वापर दुसऱ्यांवर हल्ले करण्यासाठी पूर्वी झालेला आहे.

या यंत्राचा स्थानिक पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून घ्यावा. मग विंडोजच्या वरील आज्ञेत सरकारी सर्व्हरच्या नावांऐवजी हाच पत्ता द्यावा. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, चालवत असाल तर यजमान संगणकाकडून मिळणारी वेळ आणि एनटीपी यांपैकी एकच चालू ठेवावे. दोघे मिळून घड्याळाला आलटून पालटून ओढतात.

डीव्हीआर आणि हजेरीयंत्र

बहुतेक डीव्हीआरमध्ये वेळेच्या मेनूतच एनटीपीचा पर्याय असतो. तिथे कचेरीतील वेळ-सर्व्हरचा पत्ता, पोर्ट १२३ आणि झोन साडेपाच तास असे भरावे आणि विचारण्याचे अंतर एका तासाचे ठेवावे. सर्व्हरचे नाव द्यायचे असेल तर डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूत गेटवे (बाहेर जाण्याच्या वाटेचा पत्ता) आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) भरलेले असायला हवेत, जे बसवणारे पुष्कळदा रिकामे सोडतात. आकड्यांतील स्थानिक पत्ता दिला की डीएनएसचा प्रश्नच उरत नाही. आयपी कॅमेरे स्वतःची वेळ चित्रावर छापत असतील, तर त्यांनाही हाच पत्ता द्यावा. हजेरीयंत्रांपैकी काहींना एनटीपी येते, काही मात्र आपल्या संगणकावरील हजेरीच्या सॉफ्टवेअरकडून वेळ घेतात. दुसऱ्या प्रकारात तो संगणक बरोबर असला म्हणजे झाले. पाळी बदलण्याच्या वेळेला ही दुरुस्ती करू नये, नाहीतर काही कामगारांची हजेरी दोनदा किंवा उलट क्रमाने लागते आणि पगाराच्या दिवशी मुकादमाला ती निस्तरावी लागते.

चित्रण कोणत्याही तपासासाठी मागितले गेले असेल, तर डीव्हीआरचे घड्याळ चुकलेले दिसले तरी ते लगेच दुरुस्त करू नये. घड्याळ मागे नेल्यास एकाच वेळेचे दोन तुकडे तयार होऊन शोध घेताना घोळ होऊ शकतो. शिवाय जुन्या चित्रणावर छापलेली वेळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे वा मागे होती, हे नंतर सिद्ध करणे कठीण जाते. आधी डीव्हीआरचा पडदा आणि नुकताच जुळवलेला संगणक किंवा मोबाइल एकाच छायाचित्रात घ्यावा, दोन्हींतील फरक सेकंदांसह वहीत तारखेनिशी लिहावा, मागितलेले चित्रण पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे आणि त्यानंतरच एनटीपी चालू करावे.